जिभेवरचं माणिक

१२ जानेवारी

तू हे वाचायला घेशील आणि आधी चष्मा शोधत फिरशील. तो तुझ्या डोक्यावर आहे. खाली घे, म्हणजे पुढचं सांगते.

मागे फोनवर तुला माझ्या गुडघ्याचं अख्खं पुराण ऐकवलं आणि पुढच्या वेळी तू विचारलंस, "आई, गुडघा कधीपासून दुखतोय गं?" तेव्हाच ठरवलं, या पोरीला तोंडी काही सांगायचं नाही. लिहून ठेवायचं आणि वही भरली की पाठवून द्यायची. मला लिहिता येत नाही, एवढं तरी तुझ्या लक्षात असेल. म्हणून मी बोलते आणि तुझी वहिनी लिहिते. वहिनी म्हणजे तुझ्या धाकट्या भावाची बायको, माझी सून. हेही विसरली असशील तर पुढे वाचूच नकोस.

ती हसतेय. "आई, हे पण लिहू?" म्हणते. सगळं लिही, मी सांगितलंय. माझ्या तोंडून पडेल ते वहीत पडलं पाहिजे, मधे चाळण लावायची नाही.

घरची बातमी एकच आणि चांगली. हिला पाचवा लागला. मागच्या खेपेला तिसऱ्यातच सगळं आटोपलं होतं, म्हणून या वेळी मी मोठ्यानं आनंद करत नाही. नुसती बघत असते. ही जिना उतरायला लागली की माझाच श्वास अडकतो.

बाकी माझी जीभ अजून शाबूत आहे. आपल्या गल्लीत अजूनही खडा आधी भिंगातून बघतात, मग उन्हात धरतात, मग तोलतात आणि एवढं करून मन भरलं नाही की माझ्याकडे आणतात. मी तो लिंबाच्या पाण्यात बुडवते. हाताचा घाम, तेल, मेण, दलालाच्या थापा, सगळं त्यात सुटतं. मग पुसून जिभेच्या शेंड्यावर ठेवते आणि डोळे मिटते. काच असली तर लगेच ऊब धरते, आगाऊ पाहुणीसारखी, आली नाही तोच चुलीपाशी. खरा खडा थंडच राहतो, तुझ्या आत्यासारखा, कितीही आगतस्वागत करा. माझ्या सासूनं मला हे शिकवलं. तुला शिकवायला घेतलं तर तू पहिलाच खडा गिळलास. ते तरी आठवतंय का?

१९ जानेवारी

तुझ्या भावानं मागच्या खोलीत भट्टी बसवली. जुन्या खाटा आणि तुझ्या बाबांचं खडे घासायचं मोडकं चाक होतं ना, ती खोली. आता तिथे कपाटाएवढी लोखंडी पेटी आहे, वर आकड्यांचा लाल दिवा. तो तोंडाला फडकं बांधून आत जातो. मी म्हटलं, "अरे, स्वतःच्याच घरावर दरोडा घालतोस का?"

"धूर होतो, आई."

"आणि आत करतोस काय?"

"खडे आजारी असतात, त्यांना औषध देतो."

"काय झालंय त्यांना?"

"भेगा."

"भेगा माझ्या टाचांनाही पडल्यात. मला का नाही घालत भट्टीत?"

नुसता हसला. लहानपणापासून त्याचं असंच. हसला की समजायचं, काहीतरी खिशात लपवलंय.

खडे मी पाहिले. माणकं आहेत म्हणतो, पण भाजक्या विटेचे तुकडे वाटावेत अशी कळा. तुझ्या बाबांनी असला माल उंबऱ्यावरूनच परत धाडला असता. हा ते आधी तेजाबात घालतो, मग पिवळ्या भुकटीत लोळवतो, मग मातीच्या मुशीत घालून भट्टीत. दुसऱ्या दिवशी मूस फोडून काढले तेव्हा मात्र मी बघतच राहिले. भेगा गेलेल्या. आत दिवा लावल्यासारखा लाल. म्हातारीला तरुण करायचं औषध आधी मलाच द्यायला हवं होतं यानं.

एक लिंबूपाण्यात घालून जिभेवर ठेवला. थंड. अगदी थंड. म्हणजे माणिकच. पण मागून जरा गोड लागला. तसं सांगितलं तर म्हणतो, "गोड असेल तर चांगलंच की!"

आता हिचं. वाकून झाडलोट करणं मला पटत नव्हतं. म्हणून मीच सुचवलं, की हिला खिडकीपाशी बसवून ती भुकटी चाळायचं काम दे. बसल्या जागेचं काम, उजेड आहे, वारा आहे, धुराशी संबंध नाही. तुझा भाऊ जरा घुटमळला. मग म्हणाला, "बरं." डबा एवढासा, पण मी उचलायला गेले तर खांदाच खाली आला. ही मांडीवर मऊ फडकं पसरून चाळते आणि गुणगुणते. पोटातलं पण ऐकत असेल. सूर बेताचाच आहे, पण लिहिणारी तीच आहे, तेव्हा सूर उत्तम आहे.

२७ जानेवारी

विशेष काही नाही. भाजी गोड झाली होती. साखर घातलीस का विचारलं, तर म्हणे, "नाही हो आई." मग रात्रीचा भातही गोड. दिवस असताना बायकांचा हात असा कशावरही पडतो.

८ फेब्रुवारी

आज भिंगवाला येऊन गेला. तोच दलाल, गळ्यात भिंग अडकवून फिरतो आणि झोपतानाही काढत नसेल. तुझ्या भावानं काळ्या मखमलीवर लालेलाल खडे मांडले होते. भिंगवाल्यानं एकेक उचलून बघितला, आणि प्रत्येक वेळी "हं" म्हणाला. त्याचं "हं" मला ओळखीचं आहे. घ्यायचंही असतं आणि भीतीही असते, तेव्हाचं.

"आजी, आत काहीतरी निळी चमक मारते हो."

"तुझ्या भिंगाला मोतीबिंदू झालाय."

"तसं नव्हे. एवढे स्वच्छ खडे एकदम कुठून आले?"

तुझा भाऊ म्हणाला, "जुन्या खाणीचा माल आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तू सांग ना."

मी वाटी घेतली, लिंबू पिळलं, खडे बुडवून ठेवले. तोवर भिंगवाल्यानं चहा घेतला आणि सगळ्या गल्लीची उणीदुणी काढली. मग एकेक जिभेवर ठेवला. सगळे थंड. मी म्हटलं, "माणिक आहे. घे आणि ऊठ." त्यानं भिंग खाली सोडलं आणि हात जोडले. "तुम्ही म्हणालात, झालं." सगळे उचलून घेऊन गेला.

तू शहाणी होऊन दूर निघून गेलीस, पण गल्लीत अजून तुझ्या अडाणी आईच्या जिभेवर माल उठतो, एवढं कळावं म्हणून हे लिहायला सांगितलं.

तेवढे सगळे जिभेवरून गेल्यामुळे संध्याकाळपर्यंत तोंडात गोडसर चव होती. शेवटी मीठ चाखलं, तर तेही गोड.

१५ फेब्रुवारी

ही हल्ली विसरते. दूध उतू गेलं. किल्ली दाराला तशीच. काल मला विचारलं, "आई, आज कोणता वार?" आणि चूळ भरेपर्यंत पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "नणंदेची बाधा झाली की काय तुला?" तुझ्यावरून म्हटलं, रागावू नकोस. तीही हसली, पण हसता हसता पोट धरलं. कळ येते म्हणते, वर, बेंबीच्या आसपास. पोट साफ होत नाही. मी गरम पाणी दिलं, चालायला लावलं. बाळ हलतंय ना विचारलं. "हलतंय, पण आळशी आहे," म्हणाली. मग बापावर गेलंय.

मला अक्षरं कळत नाहीत, पण ओळ उतरणीला लागलेली कळते. हिच्या ओळी पानाच्या टोकाला जाऊन खाली घसरतात. "नीट लिही, ती तिकडे बसून हसेल," म्हटलं तर म्हणते, "पेन जड लागतं." पेन जड! मग त्या डब्याला काय म्हणायचं?

माझ्या हिरड्यांवर निळसर रेघ उमटलीये. आरशात बघून दात घासले, गेली नाही. या वयात कुणी हिरड्यांना काजळ लावतं का? देवाची थट्टा करायची वेळ चुकते.

२ मार्च

आज वाईट झालं.

कोंदणवाला आला. दागिन्यात खडे बसवतो तो, चौकातला, मितभाषी. त्यानं रुमाल सोडला आणि अंगठी माझ्या हातावर ठेवली. भिंगवाल्याकडून घेतलेलं माणिक, नव्या नवरीसाठी. बोटाला सैल झाली म्हणून त्यानं मागून जरा जाळ दिला, नेहमीसारखा. आणि खड्यावर घामोळ्यासारखे फोड आले.

"आजी, मी खूप वर्षं हा जाळ देतोय. माणकाला असं होत नाही."

"तुझाच हात चुकला असेल."

"माझा चुकला असं धरू. दुसऱ्या घरातून कानातलं परत आलं. त्यांनी फक्त साफ करायच्या पाण्यात ठेवलं होतं. आत पांढरी जाळी धरलीये. तिथे कुणाचा हात चुकला?"

मी म्हटलं, "माझ्या जिभेवरून गेलंय ते."

तो म्हणाला, "म्हणून तर तुमच्याकडे आलो. भांडायला नाही आलो. मला फक्त आधी सांगायला हवं होतं. खड्याला काही केलंय हे कळलं असतं, तर मी तो काढून ठेवला असता आणि मगच जाळ दिला असता. नवरीला सांगितलं असतं, हे घालून भांडी घासू नकोस, लिंबू पिळू नकोस. न सांगितल्यावर माणूस खड्याला खड्यासारखंच वागवणार ना?"

तुझा भाऊ आतल्या खोलीत होता. बाहेर आला नाही. भट्टीचा आवाज मात्र येत होता.

३ मार्च

आज सकाळी मी भट्टीतला एक खडा लिंबाच्या वाटीत टाकला. चव घ्यायची आणि कोंदणवाल्याचं तोंड बंद करायचं, एवढाच विचार. मग भाजीवाली आली, मग पाणी आलं, आणि मी वाटी विसरले. मी. तुला नावं ठेवणारी मी. दिवस कलताना आठवलं.

वाटीतला खडा उचलून उजेडात धरला. लाल आहे, पण वर पांढऱ्या रेघा, कोळ्यानं विणाव्या तशा. जिथे जिथे आधी भेग होती तिथे तिथे. नखानं खरवडलं तर खळगे लागले. माझ्या सासूचं लिंबूपाणी! घाम आणि तेल काढायला म्हणून शिकवलेलं. भिंगवाल्याच्या मालातला प्रत्येक खडा त्याच पाण्यात मीच बुडवला होता, तो समोर बसून चहा पीत असताना. पारख करता करता त्या पाण्याला ते खडे खायला मीच सुरुवात करून दिली होती.

तुझ्या भावाला हाक मारली. वाटी पुढे केली. या वेळी तो हसला नाही.

"काच आहे," म्हणाला. "भेगांत काच भरते. खडा माणिकच आहे, आई, तू खोटं नाही बोललीस."

"मला पळवाट नकोय. कसली काच?"

"शिशाची. ती पातळ होऊन बारीक भेगेतही शिरते. सगळीकडे करतात."

"शिसं? मासे धरायच्या गळाला लावतात ते?"

"तेच. पण त्याची भुकटी."

"मग गिऱ्हाइकाला का नाही सांगत?"

"सांगितलं तर घेईल कोण?"

"ज्याला परवडेल तो. काच भरलेलं म्हणून घेईल, जपून वापरेल. कोंदणवाला म्हणाला तेच. आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं, तर तू जिभेवर ठेवलं नसतंस."

म्हणजे माझी जीभ त्याला हवी होती, माझं डोकं नको होतं. बरं झालं, एकदा तोंडानं बोलला.

हिचं पेन थांबलंय. काय गं? ही त्याला विचारते, "माझ्या चाळणीत असतं तेच का हे?" तो म्हणतो, "थोडंसंच असतं." ती पुन्हा लिहायला लागली. लिही बाई. तुझ्या चाळणीचं राहू दे, इथे माझं अख्ख्या जन्माचं नाव गेलं.

५ मार्च

गल्लीतून जाताना मान वर होत नाही. भिंगवाल्याला काय सांगू, कसं सांगू, हेच डोक्यात. जेवण जात नाही. सगळं गोड आणि वर पत्र्याची चव. ही पण जेवत नाही. म्हटलं, तू तरी जेव, तुला दोघांचं खायचंय.

हिनं भुकटीचा डबा आज पलंगाखाली ढकलला. मी विचारलं नाही. ओळी आणखीच घसरल्यात.

९ मार्च

आता हे तुझा भाऊ लिहितोय. अक्षरावरून कळलंच असेल, शाळेतही मास्तर त्याच्या वहीला कोंबडीची पावलं म्हणायचे.

काल दुपारी ही मला कपबशी द्यायला आली आणि तिचा हात मनगटातून लोंबला. कप पडला. ती हाताकडे बघत राहिली, दुसऱ्या कुणाचा असावा तशी. मग पोट धरून खालीच बसली. मी आधी कपाकडे पाहिलं. चांगला जोड होता. हे पण लिही रे. मी आधी कपाकडे पाहिलं.

तिला दवाखान्यात ठेवलंय. बाळाचे ठोके आहेत.

११ मार्च

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण कपाळावर आठी कायमची. हिचे डोळे, नखं, हिरड्या बघितल्या. मग सहज माझ्याकडे वळल्या. "आजी, आ करा." केला. त्यांनी माझी निळी रेघ बघितली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"घरी काय काम करता?"

तुझा भाऊ भिंतीकडे बघत उभा. मीच म्हटलं, "खड्यांचं. ही औषध चाळते."

"कसलं औषध?"

मी याच्याकडे बघितलं. यानं भिंतीकडे. मग मी म्हटलं, "शिशाचं," आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडतानाच मला कळलं, बाई गं, मी काय बोलतेय. आठवड्यापूर्वी मी तोच शब्द वहीत घालून घेतला आणि माझ्या नावासाठी रडत बसले. चाळणी समोर होती. पोट समोर होतं.

रक्त काढलं. आज कळलं. माझ्यातही शिसं आहे, खडे चाटून चाटून. हिच्यात कितीतरी जास्त. बाई म्हणाल्या, शरीराला ते दुधातल्या चुन्यासारखं वाटतं, म्हणून हाडात जपून ठेवतं आणि पोटातल्या बाळालाही देतं. आई आपली म्हणून जे जे देते त्यात तेही. मी विचारलं, "काढता येतं का?" म्हणाल्या, "हिच्या या अवस्थेत जोरकस औषधं द्यायची म्हणजे जपून. पहिलं औषध म्हणजे ते घर सोडा." ते खडे अंगावर घालणाऱ्यांना असं काही होत नाही म्हणाल्या, निदान तोंडात घातले नाहीत तर. हे काम करतात त्यांना होतं. आणि त्यांच्या पोटातल्यांना.

मग आम्ही बाहेर बाकावर बसलो, आणि मी याला वही काढायला लावली. हा म्हणाला, "आत्ता, आई?" आत्ताच. लिही. तुझ्या ताईला उद्देशून लिही.

तिला चाळायला बसवायचं मी सुचवलं. ते माझं. मला ठाऊक नव्हतं, पण सुचवलं मी. लिहिलंस?

आता पुढचं. हा तोंडाला फडकं बांधून आत जायचा. का रे बांधायचास?

"धूर व्हायचा."

धूर व्हायचा, असं म्हणतोय. लिही तसंच. मग तिला फडकं का दिलं नाहीस? आता गप्प आहे. गप्प आहे, असं लिही. तू लिहितोस की नुसतं पेन हलवतोस, हे मला कुठून कळणार? मला आंधळीला वहीतलं दिसत नाही, पण तुझा कान लाल झालेला दिसतो.

ताई, एवढं माझं आहे. आई सांगत नाहीये. फडकं शिशासाठीच होतं. भुकटी विकणाऱ्यानं सांगितलं होतं. तिला दिलं असतं, तर तिनं विचारलं असतं कशासाठी, आणि भट्टी त्याच दिवशी बंद झाली असती. मला वाटलं, खिडकी उघडी आहे.

मी बोलायची थांबले तरी याचं पेन चालूच आहे. काय खरडतोस रे? "मागचं राहिलं होतं," म्हणतो. पूर्ण कर बाबा. तुझं मागचं फार राहिलंय.

२४ मार्च

आम्ही कोंदणवाल्याच्या माडीवर राहायला आलो. त्यानं स्वतःहून खोली दिली. भाड्याचं विचारलं तर म्हणाला, "आजी, काय बोलावं ते सुचत नसेल तेव्हा गप्प बसलेलं चालतं." मला! तुझा भाऊ जुन्या घरात भिंती ओल्या फडक्यानं पुसतोय. भट्टी थंड केली. हिनं अजून त्याला भेटायला होकार दिलेला नाही. हिच्या मनगटाला लाकडी पट्टी आहे, म्हणून हे कोंदणवाल्याच्या बायकोनं लिहिलंय. तिच्या ओळी सरळ आहेत. मला बघवत नाहीत.

भिंगवाल्याकडे गेले. दुकानात माणसं होती, त्यांच्यासमोरच म्हटलं, "मी जिभेवर घेतलेली माणकं काच भरलेली आहेत. परत आण, नाहीतर ज्यांना दिलीस त्यांना सांग." त्यानं गळ्यातलं भिंग उगाच पुसलं.

"आजी, ती आता कुठे माझ्याकडे? माल पुढे गेला. तिथून पुढे गेला. बोटांत गेला."

"मग बोटं शोध."

"आजी, बोटं!"

खरंच, कुठून शोधणार? कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कुणीतरी अंगठी न काढता लिंबू पिळत असेल. खडा थंडच लागत असेल तिला. निघताना त्याला म्हटलं, आजपासून माझ्याकडे माल पाठवू नकोस, माझी जीभ बंद. तो दारापर्यंत आला, पण हात जोडले नाहीत.

३१ मार्च

मुलगी झाली. सातवा संपता संपता. दोन तळव्यांत मावते. काचेच्या पेटीत ठेवलंय.

रडली, पण थांबून थांबून, जणू आठवून रडत होती.

६ एप्रिल

पट्टी सुटली. लिहायला पुन्हा हीच आहे. हळू लिहिते. मी पण हळू बोलते, या वयात शिकले.

बाळाचंही रक्त तपासलं. आहे तिच्यातही. किती ते आकडे बाईंनी सांगितले, मी धरून ठेवले नाहीत. विचारलं ते एवढंच, की पुढे कशी होईल? "वाढताना कळेल," म्हणाल्या. "बोलायला लागेल तेव्हा, शाळेत जाईल तेव्हा." म्हणजे रोज बघायचं. प्रत्येक गोष्ट विसरली की घाबरायचं, ही आत्यावर गेलीये की त्या शिशावर. देवा, आत्यावर जाऊ दे. मी जन्मभर तुझी टर उडवली, आता तुझ्यासारखी विसराळू नात मागतेय. एवढं तुला पुरे.

पेटीला हात घालायची एक खिडकी आहे. मी बोट दिलं, तिनं धरलं. ओठ लावायला जीव तुटतो, पण माझं तोंड लावायच्या लायकीचं नाही अजून. बोट गरम होतं की थंड, तेही मला नीट कळलं नाही.

दुपारी हिला म्हटलं, मागची पानं वाचून दाखव, तुझ्या नवऱ्यानं काय दिवे लावलेत बघू. वाचत गेली. कप पडला ते वाचलं. बाईंनी आ करायला लावला ते वाचलं. गप्प आहे असं लिही, तेही होतं, म्हणजे लिहिलंन बरोबर. मग मधेच थांबली. बोट मात्र ओळींवरून पुढे सरकत होतं.

"काय गं?"

"काही नाही आई. अक्षर लागत नाहीये."

"मी म्हटलं नव्हतं, कोंबडीची पावलं!"

ती हसली नाही. पान उलटलं. मग म्हणाली, "ह्यांना निरोप द्या. बाळाला बघायचं असेल तर आंघोळ करून, बाहेरच कपडे बदलून यायचं. ते कपडे आत आणायचे नाहीत. आणि फडकं बांधून यायचं." फडकं कशाला आता, भट्टी तर बंद आहे, मी म्हटलं. "बांधूनच यायचं," म्हणाली. बाळंतिणीचा हट्ट. पण निदान ये म्हणाली, मला त्यातच समाधान. निरोप धाडलाय.

वही भरत आली. कोंदणवाल्याचा भाचा तिकडे यायचाय, त्याच्याबरोबर पाठवते. त्याच्याच हाती परत काय पाठवायचं ते ऐक. पेढे, लाडू, गोड काहीही नको. मला पाणीसुद्धा गोड लागतंय. लिंबू डब्याच्या आसपासही नको. हिच्यासाठी हिरवा पाला पाठव, बाईंनी सांगितलाय, जितका मिळेल तितका. आणि माझ्यासाठी कारली. कोवळी नकोत, जून, बिया धरलेली. मीठ लावून पिळू नकोस, कडूपणा निघून जातो आणि मला तोच हवाय. रोज एक चकती जिभेवर ठेवून बघेन. ज्या दिवशी कडू लागेल त्या दिवशी नातीचा पहिला पापा घेईन. विसरशील, म्हणून हिला दोनदा लिहायला लावतेय. कारली पाठव. कारली.